डबा उघडला नाही

जामनगर
१२ जून २०२३

किरीट,

जय श्रीकृष्ण, तब्येत कशी, हे सगळं मी लिहिलं असं समज. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. आठवडाभर मला वाटत होतं, खंभातला रेंज नसेल. काल तुझ्या मेहुण्यांच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच घंटीला उचललास, माझा आवाज ओळखलास आणि ठेवून दिलास. म्हणून आता पोस्टाने भांडते. पत्र फाडायचं तर निदान हातात तरी घ्यावं लागतं.

हॉस्पिटलने तुला गोळ्यांचा डबा दिला तो फळीवर शोभेला ठेवायला नाही. सकाळी आठला वाजतो, रात्री आठला वाजतो. वाजला की झाकण उघडायचं, त्या वेळची कॅप्सूल गिळायची, झाकण लावायचं. एवढंही झालं नाही तर डब्यातलं सिमकार्ड मला निरोप पाठवतं, 'डबा उघडला नाही.' या महिन्यात तो इतक्यांदा आलाय की माझ्या सासूबाईंना तोंडपाठ झालाय. सकाळी मी भाखऱ्या लाटत असते, फोन चिवचिवतो, आणि त्या ठाकोरजींसमोर बसल्या बसल्या, मान न वळवता विचारतात, "नाही ना उघडला?"

त्या प्रश्नात काय काय आहे ते तुला कळणार नाही. मीनळचं रक्त तुला जुळलं नाही, माझं जुळलं. मी किडनी द्यायला निघाले तेव्हा या घरात चहाचा कपसुद्धा माझ्यासमोर आपटून ठेवत होते. दोन मुलांची आई भावासाठी पोट फाडून घेते, म्हणे. मी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ ती किडनी डोळ्यांत तेल घालून जपेल. दोन वर्षं नाही झाली, आणि तू झाकण उघडायला कंटाळतोस.

आणि मीनळ सकाळी असते कुठे? मागे विचारलं तर सत्संगाला गेलीय म्हणालास. नवऱ्याच्या घशाखाली एक कॅप्सूल उतरवून जा म्हणावं. देव काही तेवढ्यात उठून जात नाही.

हे असंच चाललं तर पुढच्या महिन्यात बॅग घेऊन येईन आणि तुझ्या समोर खाट टाकून बसेन. धमकी आहे, धमकी म्हणूनच वाच.

दक्षा

•

खंभात
२१ जून २०२३

परमपूज्य दक्षाबेन,

आता तुम्हाला 'तू' म्हणायची हिंमत होत नाही. तुमच्या शरीराचा एक भाग माझ्या पोटात नोकरीला आहे आणि तुम्ही त्याच्या मालकीणबाई. तेव्हा 'तुम्ही'च बरं.

नंबर बंद केला, कारण तुम्ही कारखान्यात फोन करता. मी उजेडाच्या लोभाने सातलाच कामावर बसतो. तो डबा तिथेच माझ्या मांडीशी असतो. आठ वाजता तो बोंबलला की सगळे हसतात. कारागिरांनी त्याचं नाव ठेवलंय 'बेन'. "किरीट, बेन रडतेय, घे तिला." रोजचा खेळ आहे. त्यात खरी बेन फोन करते आणि एवढ्या मोठ्याने विचारते की शेजारच्या लाकडी घोडीवर भोकं पाडत बसलेल्या माणसालाही ऐकू जावं, "गिळलीस का?" कासमभाई शेठसुद्धा एकदा म्हणाले, तुझ्या घरी तुझा हिशेब फार कडक दिसतो.

मी काय काम करतो ते तुम्ही विसरलात. अकीक दगडाच्या मण्याला एका बाजूने भोक पाडत यायचं, मग मणी उलटा करून दुसऱ्या बाजूने, आणि आत दोघांची गाठ नेमकी पडली पाहिजे. त्या वेळी डबा ओरडला की हात उडतो आणि मणी तडकतो. तडकलेला मणी डॉक्टर भरून देत नाहीत. म्हणून कधी कधी डबा उशिराने उघडतो, कधी राहून जातं. गोळी चुकते म्हणजे मी मरायला टेकलोय असं नाही.

रक्षाबंधनाला मी आता काय ओवाळणी घालू ते सांगा. साडी दिली तर लोक हसतील. बहिणीने काय दिलं आणि भावाने काय दिलं, हे दिवसातून दोनदा माझ्या मांडीशी वाजतं. तुम्हाला ते ऐकू येत नाही, तुम्हाला फक्त निरोप येतो.

असो. यापुढे एकही निरोप येणार नाही, माझा शब्द. बॅग भरू नका. मीनळला यात ओढू नका.

आपला आज्ञाधारक अवयव-सांभाळ्या,
किरीट

•

जामनगर
४ ऑगस्ट २०२३

किरीट,

पाहिलंस, बॅगेचं नाव काढल्याबरोबर डबा कसा उघडायला लागला. जुलै महिन्यात एकही निरोप नाही. म्हणजे जमत होतं, करायचं नव्हतं. लहानपणीही तुझं हेच. बा छडी घेऊन उठली की तुझं पोट दुखायचं थांबायचं.

तुझ्या पत्रातल्या विनोदांना उत्तर देत नाही. पण एक विचारते. ते अक्षर कसलं? तुझं अक्षर शाळेत फळ्यावर लिहून घ्यायचे. या पत्रात ओळी अशा हेलकावे खातात की मला ते तुझ्या मेहुण्यांकडून वाचून घ्यावं लागलं. ते म्हणाले, आमच्या सालेसाहेबांनी गुजरातच्या दारूबंदीवर काही उपाय शोधलेला दिसतो. मी हसले नाही. तसं काही असेल तर आत्ताच सांग, कारण मग मी बॅग घेऊन नाही, पोलीस घेऊन येईन. आणि माझ्यावरचा राग काढायचा म्हणून मुद्दाम गिचमिड केली असशील, तर तू सात नव्हे, बेचाळीस वर्षांचा आहेस, एवढं लक्षात ठेव.

साडी नको. डबा उघड. तीच ओवाळणी.

दक्षा

•

खंभात
१८ सप्टेंबर २०२३

दक्षाबेन,

दारू नाही. घाईत लिहिलं होतं.

सर्व ठीक. डबा वेळेवर उघडतो आहे, ते तुला कळतंच. कामही चांगलं चाललं आहे. कासमभाईंनी बारीक मण्यांची माळ परत माझ्याकडे दिली, मधे ती दुसऱ्याला देत होते. सोबत सुतरफेणी पाठवतो आहे. सासूबाईंना दे, माझी आठवण म्हणून.

किरीट

•

जामनगर
९ ऑक्टोबर २०२३

चि. किरीट,

सुतरफेणी मिळाली. सासूबाईंनी दोन वेळा मागून खाल्ली आणि म्हणाल्या, तुझा भाऊ सुधारला वाटतं. या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळालेलं नाही.

आणि अक्षर. पत्र उघडलं आणि बघतच राहिले. एकेक अक्षर मणी ओवल्यासारखं. मी ते सगळ्यांना दाखवलं. बघा म्हटलं, औषध नेमाने पोटात गेलं की माणूस कसा ताळ्यावर येतो. तुझ्या मेहुण्यांनी दारूचा शब्द मागे घेतला.

तुला आता पटलं असेल की मी ओरडत होते ते तुझ्याच भल्याचं होतं. तू मला काय काय लिहिलंस ते मी विसरणार नाही, पण माफ करते. माणसाला शिस्त बाहेरून लावावी लागते, काहींना जन्मभर. तुझ्या बाबतीत ते काम डब्याने आणि मी मिळून केलं. मीनळने यातून काही शिकावं. हॉस्पिटलच्या बाईंनीही फोनवर सांगितलं, तुमच्या भावाचा डबा सगळ्यांत नियमित आहे, आम्ही इतरांना उदाहरण देतो.

मागच्या तपासणीचे आकडे तू कळवले नाहीस. चांगलेच असणार.

दक्षा

•

अहमदाबाद
२ डिसेंबर २०२३

दक्षाबेन,

मी मीनळ. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही.

यांना परवा इथे दाखल केलं. पाय सुजले होते, लघवी कमी झाली होती. शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली आहे. सुई घालून तुकडा तपासला, त्यात कळलं. आता शिरेतून जोराचं औषध चालू आहे. वाचेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. वाचेल म्हणजे किडनी, हे तर आहेत.

डॉक्टर म्हणाले, औषध नियमित होतं, डब्याची नोंद आहे, मग असं का? हे म्हणाले, मला काय माहीत. मग मी बोलले. दिवाळीच्या आधी यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशाच्या शिवणीत काहीतरी चिकट लागलं. वितळलेल्या कॅप्सूलचं साल होतं. मी यांना विचारलं. म्हणाले, एक पडली होती चुकून. मी विश्वास ठेवला. नंतर दुसऱ्या सदऱ्याच्या खिशातही तेच. हे सकाळी डबा उघडत होते, कॅप्सूल काढत होते आणि खिशात टाकत होते. रात्रीची घेत होते. रक्ततपासणीच्या आधी आठवडाभर दोन्ही घेत होते, म्हणजे आकड्यात दिसू नये. तुमच्या डब्याला झाकण उघडलेलं कळतं, बेन. घसा उघडलेला कळत नाही.

का केलं ते सांगत नाहीत. तुम्ही येऊन विचारा, तुमच्यापुढे तर ते मुळीच सांगणार नाहीत.

दुसरी गोष्ट. तुमचं जूनचं पत्र मी वाचलं होतं. मी सत्संगाला जात नाही. मी पहाटे कासमभाईंच्या अंगणात कच्चे दगड उन्हात पसरायला जाते. ऑपरेशननंतर यांचं काम कमी झालं, तेव्हापासून. तुम्हाला सांगायला यांना लाज वाटली, म्हणून देवाचं नाव पुढे केलं. तुम्ही किडनी एकदा दिलीत. मी यांच्या पथ्याचं जेवण दोन वेळा रांधते, रोज, मीठ मोजून. त्याचं कोणी उदाहरण देत नाही.

मीनळ

•

अहमदाबाद
१० डिसेंबर २०२३

बेन,

अक्षराला हसू नकोस. हे असंच असतं. आता सांगतो का ते.

परवा तू वॉर्डात आलीस, आणि बसायच्या आधी, नळ्या लावलेल्या माणसांच्या दोन रांगांसमोर म्हणालीस, "नको असेल तर काढून दे माझी, कुत्र्याला घालेन." आणि मी म्हणालो, "दिली होतीस की उसनी दिली होतीस?" मग तू पाणीही न पिता बसस्टँडवर गेलीस. शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, सख्खी आहे ना? मी म्हटलं, एकदम सख्खी.

तुला जायच्या आधी जे सांगायचं होतं ते हे. ती सकाळची कॅप्सूल घेतली की तासाभरात माझे हात कापायला लागतात. थंडी वाजल्यासारखे नाही. आत कोणी बारीक यंत्र चालू केल्यासारखे. चहाची बशी वाजते. सदऱ्याचं बटण लागत नाही. घरात बसलेल्या माणसाला हे चालतं. मी भोकं पाडतो. माझ्याकडून एकामागून एक मणी तडकायला लागले. मग बारीक मणी दुसऱ्याकडे गेले आणि मला जाडेभरडे आले, जे शिकाऊ पोरंही पाडतात. मग एक दिवस ते माझ्या घोडीशी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "किरीट, तू थोडे दिवस पोती शिवायला बस." या हाताने मी बावीस वर्षं काम केलं. बापूजी गेल्यावर त्यांची भोक पाडायची कमान मला मिळाली, तुला माहीत आहे.

एकदा सकाळची गोळी खरंच विसरलो. दुपारपर्यंत हात स्थिर. मी माळभर मण्यांना भोकं पाडली, एक मणी तडकला नाही. त्या दिवशी मला किडनी मिळाल्याचा जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा झाला. रागावू नकोस, जे झालं ते लिहितो. मग तुझ्या निरोपांची कटकट सुरू झाली, आणि मला सुचलं की डब्याला फक्त झाकण हवं असतं. रात्रीची घेतो ना, अर्धं तर अर्धं, म्हटलं.

तू ज्या अक्षराची जामनगरभर वरात काढलीस, ते गोळी न घेतलेल्या हाताचं होतं. जे तुला दारूचं वाटलं, ते घेतलेल्या हाताचं.

मी तुला का नाही सांगितलं ते विचारू नकोस. तू म्हणाली असतीस, हात मोठा की जीव मोठा. म्हणून मी झाकण उघडत राहिलो आणि गोळी खिशात टाकत राहिलो.

किरीट

•

जामनगर
२८ डिसेंबर २०२३

किरीट,

हो, तेच म्हणाले असते. हात मोठा की जीव मोठा. आताही तेच म्हणते.

पण मला नाही सांगितलंस, ते सोड. मी तोंडाळ आहे, मी वाक्य पुरं करू देत नाही, तुझ्या बायकोने लिहिलंय. डॉक्टरांना का नाही सांगितलंस? दर तपासणीला त्यांच्यासमोर बसत होतास. ते विचारत होते, काही त्रास? आणि तू म्हणत होतास, काही नाही. मी आज त्यांना फोन केला. ते म्हणाले, हात कापणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे, मात्रा बदलता येते, दिवसातून एकदाच घ्यायचा सावकाश विरघळणारा प्रकारही आहे, त्याने पुष्कळांचं कापणं कमी होतं. सगळ्यांचं जात नाही, पण कमी होतं. एक वाक्य, किरीट. 'साहेब, हात कापतात.' एवढं म्हणायला तुझी जीभ झडत होती, आणि खोटं दाखवायला रोज सकाळी झाकण उघडत होतास.

कारण काय ते मला ठाऊक आहे. तुला कुणापुढे दुबळं दिसायचं नव्हतं. डॉक्टरांपुढे नाही, शेठपुढे नाही, माझ्यापुढे तर नाहीच. त्या तोऱ्यासाठी तू माझं पोट फुकट घालवलंस.

किडनी वाचली असं मीनळने कळवलं. पहिल्यासारखी नाही, पण चालते आहे. ठीक.

मीनळला सांग, तिचं पत्र मिळालं. सत्संगाबद्दल मी जे लिहिलं ते चुकलं. बाकीचं तिने जे लिहिलं त्यातलं काही मला आवडलं नाही.

मला आता लिहू नकोस.

दक्षा

•

खंभात
१६ एप्रिल २०२४

बेन,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून साडेतीन महिने लिहिलं नाही. तुझं ऐकल्याचं हे पहिलंच उदाहरण.

नवी कॅप्सूल सकाळी एकदाच असते. हात अजून कापतात, पण बशी वाजत नाही. जाडा मणी पाडता येतो, बारीक नाही. कासमभाईंनी मला भट्टीवर घातलंय. मडक्यात दगड भरायचे, भुसा घालायचा, भाजायचे, थंड झाले की काढायचे. भुऱ्या दगडाला लाल रंग येतो. हाताचं काम नाही ते, धीराचं आहे. मला ते आवडत नाही.

लिहितोय ते वेगळ्यासाठी. या महिन्यात आठवडाभर मी डबा मुद्दाम उघडला नाही. घाबरू नकोस, गोळ्या घेतल्या. मीनळ पाकीट वेगळं काढून समोर उभी राहते, गिळली की जीभ बाहेर काढायला लावते. फक्त डबा बंद ठेवला. पहिल्या दिवशी वाटलं, आता जामनगरहून शिव्यांचं पत्र निघेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोनच येईल, मी तुझा नंबर मोकळा केलाय. आठवडा गेला, काही नाही. मग आम्ही हॉस्पिटलात तपासणीला गेलो, तर डब्याचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीने जानेवारीतच आपला नंबर काढून टाकायला सांगितला.

हे तू मला न सांगता केलंस. एवढे महिने मी सकाळी आठला झाकण उघडताना मनात तुला म्हणत होतो, घे, उघडलं, बस बोंबलत. आणि तिकडे कोणी नव्हतंच.

तुला वाटत असेल मला मोकळं वाटलं. दोन दिवस वाटलं. मग राग आला. दोन वर्षं माझ्या डोक्यावर बसलीस आणि मग न विचारता उठून गेलीस. किडनी देतानाही विचारलं नव्हतंस. मी नको म्हणत होतो, तू आणि मीनळने माझ्या खाटेच्या दोन्ही बाजूंना उभं राहून ठरवून टाकलं. तू कधीच विचारत नाहीस. येतानाही नाही, जातानाही नाही.

किरीट

•

जामनगर
३ मे २०२४

किरीट,

तुझं पत्र वाचून मी आधी चुलीत घालायला निघाले होते. मग पुन्हा वाचलं.

नंबर मी काढला, कारण मी थकले. युक्ती नाही त्यात काही. वॉर्डातून परत येताना सगळ्या वाटेभर मला माझंच वाक्य ऐकू येत होतं, कुत्र्याचं. बसमध्ये खंभाळिया गावची एक बाई शेजारी होती, तिने विचारलं, कोणी गेलं का?

आता तुला एक खरं सांगते, त्याचा फायदा घेऊ नकोस. तुझ्या डब्याचा निरोप आला नाही की मला बरं वाटायचं, ते तू जगशील म्हणून जेवढं, तेवढंच सासूबाई काही बोलणार नाहीत म्हणून. मी सगळ्यांच्या विरोधात जाऊन तुला किडनी दिली. ती बंद पडली असती तर मी हरले असते, या घरात, जन्मभर. तू मला भाऊ होतास आणि माझ्या बाजूचा साक्षीदारही होतास. साक्षीदार फिरला की वकिलाला जसा राग येतो तसा मला यायचा. डिसेंबरात ते झालं. किडनी जवळजवळ गेली, सगळ्यांना कळलं. आणि सासूबाई काय म्हणाल्या? काही नाही. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला, नीट, न आपटता, आणि बाहेर गेल्या. मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होते ते हे एवढंच होतं.

म्हणून नंबर काढला. आता ती किडनी तुझी आहे. मी दिलेली, उसनी नाही. हे मला वॉर्डातच म्हणता आलं असतं, पण तेव्हा मला ते खरं वाटत नव्हतं.

विचारलं नाही, हे बरोबर. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मी तरी दिली असती. त्यामुळे माफी मागत नाही. तूही मागू नकोस, तुला ते शोभत नाही.

मीनळ गोळी घ्यायला लावते हे चांगलं. पण जीभ काय बाहेर काढायला लावते? शाळामास्तर आहे का ती?

दक्षा

•

खंभात
२० ऑगस्ट २०२४

बेन,

राखी मिळाली. मीनळने बांधली, कारण मला एका हाताने गाठ मारता येत नाही आणि कापत्या हाताने तर नाहीच. ओवाळणी पाठवलेली नाही. साडीला लोक हसतील हे मी आधीच लिहिलंय, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. तू रागावशील, रागाव.

शाळामास्तरच आहे ती. गोळी घेतो, रोज. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठीही नाही. खरं सांगायचं तर मला अलीकडे जगायची हाव सुटली आहे. भट्टीतून मडकी काढली की कोणता दगड किती लाल झाला ते बघायला मी सगळ्यांच्या आधी वाकतो. पाच वर्षं टिकेल, दहा टिकेल, डॉक्टर बोट वर करून देवाकडे दाखवतात. तेवढी मला पाहिजेत. मला ती आधी नको होती, हे मी तुला कधी बोललो नव्हतो. डायलिसिसच्या त्या वर्षात मी आतून आवरून घेतलं होतं. मग तू ऑपरेशन करवलंस आणि मला पुन्हा उलगडावं लागलं. त्याचाच राग होता बहुतेक. हाताचा होताच, पण त्याच्या खाली हा होता.

आता एक दुसरी गोष्ट. मीनळने जूनमध्ये कासमभाईंना विचारलं, दगड पसरायचं सोडून मी भोकं पाडायला बसू का? मला न विचारता. या घरात कोणी मला विचारत नाही. ते म्हणाले, तुझा नवरा शिकवत असेल तर बस. मी म्हणालो, हे बायकांना जमणार नाही. कासमभाई म्हणाले, गावातल्या निम्म्या बायका हेच करतात, तू कोणत्या गावात राहतोस?

मग बसलो शिकवायला. तिने कमान धरली तशी मी दिवसभर ओरडलो. अशी काय धरतेस, लाटणं आहे का ते. पाणी थेंबाथेंबाने पडू दे, आंघोळ नाही घालायची. श्वास सोडताना दाब, घेताना नाही. तिने पहिले पंधरा दिवस मणी तडकवले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तडकवला. मग दोन दिवस तिने मला घोडीजवळ येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक मणी माझ्या तळहातावर ठेवला आणि पोळ्या करायला उठून गेली. मी तो उजेडासमोर धरला. माझा हात हलत होता, पण त्याच्यातलं भोक हलत नव्हतं. या टोकातून त्या टोकाला सरळ, आत कुठे पायरी नाही. आता ती बारीक माळ पाडते, माझ्याच घोडीवर बसून, आणि मी भट्टीवरून येता-जाता तिच्या चुका काढतो.

भाईबीजेला ये. बसने ये आणि आल्या आल्या पाणी पी, मग काय बोलायचं ते बोल. मी काय खातो, काय गिळतो ते विचारायचं नाही. विचारलंस तर संध्याकाळच्या बसमध्ये बसवून देईन.

आणि आलीस की मीनळ तुला ती माळ दाखवेल. छान आहे म्हण आणि थांब. तिचा हात माझ्या हातापेक्षा सरळ आहे, चांगला होता तेव्हाच्या माझ्या हातापेक्षासुद्धा. हे मी तिला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, तू माझी सख्खी आहेस म्हणून. तुझ्यापाशीच ठेव.

किरीट